ऑइल बदललं, हे कळायचं कसं?

गॅरेजमध्ये होणाऱ्या कामांत इंजिन ऑइल बदलणं सगळ्यात साधं, पण ते झालं की नाही हे कळणं सगळ्यात अवघड. ब्रेक शू नवे घातले तर पहिल्याच वळणावर पायाला कळतं. टायर नवा की जुना, ते डोळ्यांना दिसतं. ऑइलचं तसं नाही. कोणी जुनंच ऑइल आत ठेवून वरून अर्धा लिटर नवं ओतलं, तरी गाडी त्या दिवशी आणि पुढे कित्येक महिने तशीच चालते. झीज आतल्या आत होत राहते. ती उघड होते तेव्हा कोणत्या सर्व्हिसला काय राहून गेलं, हे सांगायला कोणीच नसतं.

देवासात हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. वॉरंटी संपली की गाडी ए. बी. रोडवर, भोपाळ चौराह्याच्या आसपास किंवा उज्जैन रोडला ओळखीच्या मिस्त्रीकडे जाते. मजुरी कमी लागते, मिस्त्री आपल्याला नावानं ओळखतो, आणि एका ऑइलसाठी गाडी इंदूरला नेऊन दिवस मोडावा लागत नाही. या भागात कसबी हातांचा तुटवडाही नाही. देवासात गजरा गिअर्ससारखा गाड्यांचे गियर बनवणारा कारखाना आहे, आणि शेजारच्या धार जिल्ह्यात पिथमपूरला वाहनांचे कारखाने आहेत. तिथल्याच नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रात २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी-मार्ग सुरू झाला. बहुतेक मिस्त्री काम नीटच करतात. पुढे सांगितलेल्या गोष्टींचा अशा मिस्त्रीला काही त्रास होत नाही.

मोठी पाटी असली म्हणजे काळजी नको, असंही समजू नये. २००६ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका दूरचित्रवाहिनीनं झटपट ऑइल बदलून देणाऱ्या एका नामांकित साखळीत गुप्त कॅमेरे लावून गाड्या पाठवल्या. बिलात लावलेली काही कामं प्रत्यक्षात झालीच नव्हती, असं त्यात दिसलं. त्यामुळे लहान गॅरेज की मोठं, हा मुद्दा नाही. काम झाल्यावर हाती काय पुरावा राहील याची सोय आपण आधी केली आहे का, हे महत्त्वाचं. गाडी परत आल्यावर तपासायला गेलं तर फार थोडं हाती लागतं.

सुरुवात गाडीच्या पुस्तिकेपासून करावी. ग्लोव्ह बॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून असलेल्या त्या पुस्तकात तीन गोष्टी शोधायच्या: ऑइलचा ग्रेड, किती लिटर लागतं, आणि किती किलोमीटरला बदलायचं. बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते लागू असतं. प्रमाण गाडीगणिक वेगळं असतं. लहान पेट्रोल गाडीला साधारण ३ ते साडेतीन लिटर, मोठ्या डिझेल गाडीला ५ ते ६ लिटर किंवा त्याहून जास्त. पुस्तिकेत अनेकदा दोन आकडे दिलेले असतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. दोन्ही टिपून ठेवावेत. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

ग्रेड म्हणजे ऑइलच्या पातळ-दाटपणाची खूण. ५डब्ल्यू-३० असं लिहिलं असेल, तर डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहतं ते सांगतो. इथे एक चूक नेहमी होते. उन्हाळ्यात माळव्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ‘गरमी बहुत है, गाढ़ा डाल देते हैं’ असं म्हणत २०डब्ल्यू-४० पुढे केलं जातं. जुन्या इंजिनांना ते चालायचं. आजच्या इंजिनातल्या फटी बारीक असतात, आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी इंजिनाचं आतलं तापमान थर्मोस्टॅट ठरावीक पातळीवर ठेवतो. म्हणून पुस्तिकेतलाच ग्रेड घ्यावा.

गाडी डिझेलवरची आणि एप्रिल २०२०नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल, तर आणखी एक पथ्य आहे. तिच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. अशा गाड्यांना बहुधा कमी राख सोडणारं ऑइल लागतं. साधं ऑइल घातलं तर त्याची राख त्या जाळीत साठत जाते, आणि जाळी बदलण्याचा खर्च ऑइलच्या कितीतरी पट असतो. पुस्तिकेत ऑइलची जी मानकं छापलेली असतात, तीच अक्षरं कॅनवर आहेत ना, हे शब्दाला शब्द जुळवून पाहावं.

ऑइल आणि फिल्टर शक्यतो आपणच विकत आणावेत. अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. नकली ऑइलचा धंदा बहुतेक खऱ्या कंपनीच्या रिकाम्या कॅनवर चालतो. गॅरेजमधून कॅन उचलायचा, त्यात स्वस्त किंवा वापरलेलं गाळीव ऑइल भरायचं, नवं झाकण लावायचं, झालं. म्हणून झाकणाखालची कडी अखंड आहे का, आतलं सील सपाट आणि नीट चिकटलेलं आहे का, कॅनवरचा बॅच नंबर आणि तारीख पुसट झालेली नाही ना, हे दुकानातच उजेडात बघावं. स्कॅन करायचा कोड असेल तर तिथेच स्कॅन करावा. ड्रममधून मापानं मिळणारं सुटं ऑइल स्वस्त पडतं, पण त्यात नेमकं काय आहे हे कळायला आपल्याकडे काहीच मार्ग नसतो. ते घेऊ नये.

गाडी नेण्याच्या आदल्या संध्याकाळी थोडं काम आहे. गाडी सपाट जागी लावून, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढावी. ही ऑइलची पातळी मोजायची लांब पट्टी, टोकाजवळ दोन खुणा असलेली. ती पुसून, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि पातळी कुठे आहे त्याचा फोटो घ्यावा. किलोमीटरच्या आकड्याचाही फोटो घ्यावा. बीएस-६ डिझेल गाडीत पातळी कधी कधी वरच्या खुणेच्याही वर दिसते. जाळी साफ होताना थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, त्याचा हा परिणाम असतो. तसं दिसलं तर ऑइल बदलण्यात दिरंगाई करू नये.

मग फिल्टरवर खूण करायची. ऑइल फिल्टर म्हणजे ऑइलमधला कचरा आणि धातूचा चुरा अडवणारा भाग. बऱ्याच गाड्यांत तो मुठीएवढा पत्र्याचा डबा असतो आणि इंजिनाला आट्यांवर बसवलेला असतो. हात पोचत असेल तर डबा आणि इंजिन जिथे भेटतात, त्या सांध्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका असा द्यावा की अर्धा डब्यावर येईल आणि अर्धा इंजिनावर. डबा फिरला की ठिपका तुटतो, आणि नवा डबा आला की अर्धा ठिपका नाहीसाच होतो. हात पोचत नसेल तर टॉर्च धरून फोटो काढावा. डब्यावरचा नंबर, धूळ, ओरखडे, सगळं त्यात येतं.

आणखी एक खूण आपल्या मातीनेच करून ठेवलेली असते. पुष्कळ गाड्यांना इंजिनाच्या खाली प्लास्टिकचं संरक्षक कव्हर असतं, आणि काही गाड्यांत ते उतरवल्याशिवाय ऑइल काढता येत नाही. माळव्याची काळी माती पावसाळ्यात त्याच्या स्क्रूंवर बसते आणि वाळून कडक होते. सर्व्हिसनंतरही ती पापडी जशीच्या तशी असेल, तर तिथे पाना लागलेलाच नाही. काही कव्हरना ऑइल काढण्यापुरती वेगळी खिडकी असते, तेवढं मात्र आधी बघून घ्यावं.

आता गॅरेज. शनिवार-रविवारची गर्दी टाळावी, सकाळी लवकर जावं आणि काम होईपर्यंत थांबायची तयारी ठेवावी. मिस्त्रीशी बोलताना सुरुवातीलाच, अंगावर न जाता, सांगून टाकावं: ‘भिया, तेल और फिल्टर मैं लाया हूँ. पुराना फिल्टर और खाली डब्बे मैं ले जाऊँगा. वॉशर नया डालना.’ एवढी तीन वाक्यं पुरतात. काम झाल्यावर जुना फिल्टर मागितला तर तो कचऱ्याच्या ढिगात गेलेला असतो, आणि ढिगातून कोणताही फिल्टर काढून हातात ठेवता येतो. आधी सांगितलं की तो बाजूला ठेवला जातो. मिस्त्रीला यात संशय वाटू नये, म्हणून मजुरी किती ते आधी ठरवावं आणि त्यात घासाघीस करू नये. ऑइल आपण आणल्यामुळे त्याची विक्रीतली कमाई गेलेली असते, हे लक्षात असू द्यावं.

ऑइल कोमट असताना काढायचं. थंड ऑइल जड होऊन तळाशी रेंगाळतं, आणि उकळतं असेल तर हात भाजतो. पाच-दहा मिनिटं गाडी चालवून आणलेली असली की पुरे. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेतात, वरचं झाकण उघडतात आणि खालच्या चेंबरचा नट सोडतात. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची टाकी, जिथे सगळं ऑइल जमतं. आधी जाड धार येते, मग ती सुतासारखी बारीक होते, मग थेंब. घाई इथेच होते. धार बारीक झाली की नट लावून टाकतात. दहा-पंधरा मिनिटं ठिबकू द्यायला सांगावं, कारण सगळ्यात घाण भाग शेवटच्या थेंबांत असतो.

काही गॅरेजमध्ये डिपस्टिकच्या नळीतून पंपानं ऑइल ओढून घेतात. काही गाड्यांना ही पद्धत चालते, तेव्हा तेवढ्यावरून फसवणूक समजू नये. पण नळी तळापर्यंत पोचली नाही तर बरंच ऑइल आत राहतं. किती निघालं ते म्हणूनच मोजायचं.

नटाखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा एक पातळ वॉशर असतो. कसताना तो थोडा चेपतो आणि फट बंद करतो. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा तितका चेपत नाही, म्हणून दर वेळी नवा हवा. त्याची किंमत किरकोळ असते. तो नसला की मिस्त्री गळती थांबवायला नट जोर लावून कसतो, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. इथल्या गॅरेजमध्ये ‘चूड़ी मर गई’ असं ऐकू आलं, तर बहुधा कधीतरी असंच घडलेलं असतं. लांब दांड्याचा पाना लावून, पाय रोवून कोणी नट कसू लागलं तर तिथेच थांबवावं.

फिल्टरवर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं. सगळ्यात जास्त काम इथेच चुकवलं जातं, कारण ऑइलची धार गिऱ्हाईक बघत असतं आणि फिल्टर असतो अडचणीच्या जागी. जुनाच फिल्टर फडक्यानं पुसला की तो नव्यासारखा चकाकतो. जुन्या फिल्टरमध्ये मात्र ओंजळभर घाण ऑइल राहतं आणि ते नव्यात मिसळतं. पुस्तिकेतल्या दोन आकड्यांमधला फरक हाच आहे. मिस्त्रीनं फिल्टरशिवायच्या आकड्याएवढंच ऑइल ओतलं आणि पातळी बरोबर आली, तर फिल्टर बदलला का, हे विचारायलाच हवं.

जुना फिल्टर हातात घ्यावा. तो जड लागतो, उलटा केला की काळं ऑइल ठिबकतं, आणि आपण केलेला अर्धा ठिपका त्यावर सापडतो. त्याच्या तोंडाशी रबराची काळी चकती असते, ती त्याच्यासोबत आली आहे ना, हे पाहावं. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि नव्या फिल्टरची चकती तिच्यावर बसली, तर गाडी थोडा वेळ ठीक चालते आणि मग दाबानं सगळं ऑइल बाहेर फेकते. प्रामाणिक मिस्त्रीकडूनही घाईत हे होऊ शकतं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं नवं ऑइल लावायचं, आणि रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा हातानंच कसायचं. काही गाड्यांत पत्र्याच्या डब्याऐवजी प्लास्टिकच्या टोपीत कागदी घड्यांचा फिल्टर असतो. त्यात टोपी तीच राहते, म्हणून ठिपक्यावर न विसंबता जुना काळा झालेला कागद पाहावा आणि टोपीचा रबरी गोलही नवा बसवला का ते पाहावं.

भरताना कॅनचं सील आपल्या समोर फुटावं. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा थोडं कमीच आधी ओतावं, झाकण लावावं आणि इंजिन मिनिटभर चालू करावं. डॅशबोर्डवरचा किटलीच्या आकाराचा लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. मग इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक बघायची आणि लागेल तेवढं वरून घालायचं. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ पातळी असावी. ‘थोड़ा ज्यादा अच्छा रहता है’ हे खरं नाही. जास्त ऑइलमध्ये फिरता क्रँक बुडतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल नीट वंगण देत नाही. साडेतीन लिटरच्या पॅकमधून तीनच लिटर गेलं असेल तर उरलेलं अर्धा लिटर आपलं आहे. झाकण घट्ट लावून ते घरी न्यावं.

आता मोजणी. ट्रेमधलं जुनं ऑइल एखाद्या रिकाम्या कॅनमध्ये ओतायला सांगावं. जेवढं घातलं, साधारण तेवढंच निघालं पाहिजे. आदल्या संध्याकाळी पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर तेवढं कमी निघणार, त्यासाठीच तो फोटो होता. घातलं तीन लिटर आणि निघालं दीड, तर गाडी हलवण्याआधीच विचारावं.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकजण फक्त रंग बघतात आणि त्यातच फसतात. पेट्रोल गाडीत नवं ऑइल मधासारखं दिसतं आणि काही काळ तसंच राहतं. डिझेल इंजिनात भिंतींना आणि कोपऱ्यांत जुनी काजळी असते. नवं ऑइल ती लगेच धुऊन स्वतःत घेतं आणि काही किलोमीटरमध्येच काळं पडतं. म्हणजे गाडी घरी आणून डिपस्टिक काढली आणि ऑइल काळं दिसलं, तर मिस्त्रीवर आळ घेऊ नये. सीएनजीचं उलट. ते इंधन स्वच्छ जळतं, म्हणून हजारो किलोमीटर चाललेलं ऑइलही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. ते बघून ‘नवं आहे’ असं समजलं तर तीही फसगतच. डॅशबोर्डवरची सर्व्हिसची आठवण बंद झाली, हाही पुरावा नाही. ती बटण दाबून बंद होते, तिला ऑइलचं काही कळत नाही.

थांबणं शक्यच नसेल, तर गाडी सोडताना वर सांगितलेल्या खुणा करून ठेवाव्यात आणि मिस्त्रीला दोन छोटे व्हिडिओ पाठवायला सांगावेत. एक धार पडतानाचा, ज्यात गाडीचा नंबरही दिसेल, आणि एक जुन्या व नव्या फिल्टरचा शेजारी-शेजारी. परत घेताना फिल्टर, कॅन आणि फोडलेली सीलं एका पिशवीत हवीत.

घरी आल्यावर रिकामा कॅन कापावा किंवा त्याला मोठी भोकं पाडावीत. अखंड कॅन भंगारवाल्याला दिला तर तो कुठे जाईल, हे वर आलंच आहे. मोजलेलं जुनं ऑइल मात्र कॅनमधून घरी आणू नये, गॅरेजमध्येच ओतून यावं. आपल्याकडे ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागून नेतात, कुठे नाल्यातही ओततात. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४पासून वापरलेल्या ऑइलसाठी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारीचे नियम लागू झाले आहेत, म्हणजे ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावं याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आहे. गॅरेजच्या ड्रममध्ये ते जावं आणि तिथून नोंदणी असलेल्या संकलकाकडे. आपला मिस्त्री ते कोणाला देतो, हे सहज विचारून बघावं.

बिल साधंच असो, पण असावं. तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि लिटर, फिल्टरचा नंबर, मजुरी, एवढं त्यावर पुरे. ऑइल आपण आणलं असेल तर दुकानाचं बिल त्यालाच टाचावं. बाहेर सर्व्हिस केल्यानं वॉरंटीचं काय, हा प्रश्न येतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळत नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. व्यवहारात मात्र वॉरंटी चालू असेपर्यंत कंपनीच्या वर्कशॉपमध्येच सर्व्हिस केलेली सोयीची, कारण दावा अडला तर भांडायचा वेळ आपलाच जातो.

पैसे घेऊन काम झालंच नाही, असं पुराव्यानिशी दिसलं तर आधी मिस्त्रीशीच शांतपणे बोलावं. बहुतेक वेळा तिथेच काम पुन्हा करून मिळतं. नाही मिळालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. फोटो, बिल आणि जुना फिल्टर तिथे कामाला येतात.

शेवटचं काम पुढच्या पंधरवड्यातलं. पहिल्या रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवावा. नटाच्या किंवा फिल्टरच्या खाली डाग पडला तर दुसऱ्याच दिवशी गॅरेज गाठावं, आणि लाल दिवा लागला तर गाडी एक पाऊलही पुढे न नेता बंद करावी. डाग नसेल तर आठवड्यानं एकदा आणि हजार किलोमीटरनंतर एकदा, थंड इंजिनावर डिपस्टिक पाहावी. पातळी मध्यापर्यंत उतरली असेल तर उरवून आणलेल्या त्याच अर्ध्या लिटरमधून भरावं, आणि किती घातलं ते बिलाच्या मागे तारखेसह लिहून ठेवावं.